निबंध डोळ्यांना दिसला पाहिजे: अडखळणाऱ्या मुलांना निबंधाची रचना चित्रांतून कशी शिकवावी

ज्या मुलाला निबंध जमत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते असे नाही. गावच्या आठवडी बाजाराबद्दल बोल म्हटले तर तो पाच मिनिटे थांबत नाही. त्याच बाजारावर पंधरा ओळी लिही म्हटले की चौथ्या ओळीला पेन अडते. लिहिताना त्याला आठवायचे असते, आठवलेल्यातून निवडायचे असते, क्रम लावायचा असतो, वाक्य जुळवायचे असते आणि ऱ्हस्व-दीर्घही सांभाळायचे असते. ही पाच कामे एकदम अंगावर येतात. त्यातले क्रम लावण्याचे काम तर कागदावर कुठे दिसतही नाही. 'सुरुवात, मध्य, शेवट' हे शब्द त्याने कितीतरी वेळा ऐकलेले असतात, पण मध्य म्हणजे किती ओळी, त्यात काय घालायचे आणि काय गाळायचे हे त्याला कुणी दाखवलेले नसते.

पुढची पद्धत सहावी ते नववीच्या मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी आहे. निबंध साधारण 120 शब्दांचा आणि तासिका 35 मिनिटांची धरली आहे. सगळे मिळून दहा तासिका लागतात. आठवड्याला दोन घेतल्या तर पाच आठवडे. सलग दहा दिवस घेऊ नका, मधल्या दिवसांत मुरायला वेळ मिळतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भिंतीवर टांगलेला सुंदर तक्ता फारसे शिकवत नाही. आठवड्याभरात तो भिंतीचाच भाग होतो आणि कुणी वर बघत नाही. मुलाला शिकवतो तो हातात घेऊन हलवता येणारा तुकडा: पट्टी, कार्ड, चिमटा. म्हणून इथले बहुतेक साहित्य उचलून जागा बदलता येईल असेच आहे.

आधी अडचण कुठे आहे ते पाहा

प्रत्येक मुलाचे जुने दोन-तीन निबंध काढा आणि लाल पेन बाजूला ठेवून वाचा. शुद्धलेखनाकडे सध्या बघायचे नाही. बहुतेक वह्यांत चारपैकी एक गोष्ट दिसते. पहिली: सगळा मजकूर एकच गठ्ठा, परिच्छेदच नाही. दुसरी: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे परिच्छेद भरपूर पण कशाचा कशाशी संबंध नाही. तिसरी: पहिल्या तीन ओळी एकदम भारदस्त आणि नंतरची भाषा वेगळीच, म्हणजे सुरुवात गाइडातून पाठ केलेली. चौथी: निम्मा निबंध विषयाला पोचेपर्यंतच संपतो. सहलीच्या निबंधात उठणे, दात घासणे, डबा भरणे यांतच आठ ओळी जातात आणि गड शेवटच्या वाक्यात येतो.

मग त्या मुलाला शेजारी बसवून त्याच विषयावर तोंडी बोलायला सांगा आणि बोटांवर मुद्दे मोजा. पाच मुद्दे ओळीने सांगता आले तर अडचण फक्त कागदावरच्या रचनेची आहे आणि ही पद्धत त्याला लवकर लागू पडते. दोनाच्या पुढे जाता आले नाही तर त्याला आधी मजकूर गोळा करायला शिकवावे लागेल. त्याला जाळ्याच्या, म्हणजे मध्ये विषय आणि भोवती मुद्द्यांच्या फांद्या अशा आकृतीच्या, तासिकेत जास्त वेळ द्या.

मुलाच्या घरची बोली कोणती आहे हेही नोंदवून ठेवा. मेळघाटातल्या कोरकू घरातल्या, नंदुरबारकडच्या पावरी घरातल्या किंवा तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला विचार सुचतो एका भाषेत आणि लिहायचा असतो दुसऱ्या. अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही प्रमाण मराठीत यायला क्षणभर थांबावे लागते. अशा मुलांना आकृतीतले शब्द घरच्या बोलीत लिहू द्या, किंवा चित्र काढू द्या. प्रमाण भाषा वाक्य लिहिताना येईल. आकृती काढतानाच तिचा आग्रह धरला तर विचारच थांबतो.

साहित्य

तीस मुलांचा वर्ग, पाच-पाच जणांचे सहा गट असे धरून: कार्डशीटचे आठ पांढरे कागद, पताकांच्या कागदाचे तीन रंग (पिवळा, निळा, गुलाबी), जाड टोकाचे काळे मार्कर सहा, कपडे वाळत घालायची दोरी दहा मीटर, साधे चिमटे पाच डझन, पेन्सिली, डिंक.

कार्डशीट साधारण 55 बाय 70 सेंटिमीटरची मिळते. लांबीच्या बाजूवर सात-सात सेंटिमीटरवर खुणा करून आडवी कापली की एका कागदातून दहा पट्ट्या निघतात. प्रत्येक गटाला तेरा पट्ट्या लागतात, म्हणजे सगळ्यांना मिळून 78. उरलेल्या दोन चुकलेल्या पट्टीसाठी ठेवा. अक्षर तीन सेंटिमीटर उंच काढा. वेलांटी-उकारांसाठी वर-खाली जागा सोडावी लागते, ती सोडली नाही तर मागच्या बाकावरून 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. अक्षर काळ्या मार्करनेच काढा, पिवळ्या किंवा गुलाबी शाईने नको.

रंग तीनच ठेवा. पाच-सहा रंग आले की मुले रचना सोडून रंग लक्षात ठेवू लागतात. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरवा फरक दिसत नाही. म्हणून ती जोडी टाळा आणि प्रत्येक रंगासोबत एक खूणही द्या: सुरुवातीला त्रिकोण, मधल्या भागाला चौकोन, शेवटाला गोल. पुढे रंग काढून घ्यायचे आहेत, तेव्हा या खुणाच उपयोगी पडतील.

पहिल्या दोन तासिका: कापलेला निबंध

लिहायला लावण्याआधी लिहिलेला निबंध उलगडून दाखवा. एक छोटा निबंध तुम्हीच तयार करा. भाषा मुलांच्या तोंडची असू द्या, एक वाक्य एका पट्टीवर घ्या. त्यात दोन घुसखोर वाक्येही मिसळा. नमुना असा:

आमच्या गावचा बाजार दर मंगळवारी भरतो.
मंगळवार उजाडला की घरात पिशव्या शोधायची धांदल उडते.
सकाळी नऊपर्यंत मारुतीच्या देवळासमोर पाले ठोकून होतात.
एका बाजूला भाजीवाले आणि समोर कापडवाले बसतात.
मिरच्यांच्या ढिगाजवळून जाताना ठसका लागतोच.
बाजारात सगळ्यांत मोठा आवाज असतो कांदेवाल्याचा.
भाव पटला नाही की आजी उठून निघाल्यासारखे करते.
शेवटी तो वरून दोन कांदे टाकतो आणि आजी हसते.
अंधार पडायला लागला की पाले उतरतात.
रिकाम्या मैदानात भाजीचा पाला आणि गाई एवढेच उरते.
मी मात्र पुढच्या मंगळवारचे बेत करायला लागतो.

घुसखोर दोन: 'आम्हांला शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतात.' आणि 'माझ्या आजीचे गुडघे दुखतात.'

पट्ट्या पिसून प्रत्येक गटाला द्या. एकेका मुलाच्या हातात दोन-तीन पट्ट्या येतील. नियम एकच: दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. पट्टी कुठे जाईल हे धरणाऱ्यानेच ठरवायचे, बाकीच्यांनी त्याला पटवून द्यायचे. हा नियम नसेल तर गटातली हुशार मुलगी दोन मिनिटांत सगळे लावून टाकते आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो खिडकीबाहेर बघत बसतो.

गट आधी तीन ढीग करतील, मग ढिगातला क्रम लावतील. गणिताचे वाक्य सगळे लगेच बाहेर काढतात. खरी चर्चा रंगते ती आजीच्या गुडघ्यांवर. आजी निबंधात आहे, मग गुडघे का नकोत? हा वाद मिटवायची घाई करू नका, दहा मिनिटे गेली तरी जाऊ द्या. नंतर विचारा: 'हे वाक्य वाचून बाजार जास्त दिसतो का?' नाही. गुडघ्यांनी वाचणारा बाजारातून उठून घरी जातो. तेवढ्यात एखादा म्हणेल, 'गुडघे दुखतात म्हणून आजी बाजारात हळू चालते असे लिहिले तर?' तर चालेल, आणि त्याला शाबासकी द्या. कोणता मुद्दा आत आणि कोणता बाहेर हे मुद्द्यावर ठरत नाही, विषयाशी बांधलेल्या दोरीवर ठरते, हे त्याला स्वतःहून कळलेले असते.

दुसऱ्या तासिकेत लावलेल्या पट्ट्यांना रंगीत कागदाचे तुकडे आणि खुणा चिकटवा. पिवळ्या दोन, निळ्या सहा, गुलाबी तीन असा हिशोब समोर येतो. मध्य म्हणजे निबंधाचा निम्म्याहून जास्त भाग हे सांगावे लागत नाही, निळा पट्टाच सांगतो. निळ्यातही दोन तुकडे आहेत: तीन पट्ट्या जागेच्या, तीन माणसांच्या. मध्ये चार बोटांची फट सोडायला लावा. परिच्छेद म्हणजे ही फट.

एका परिच्छेदाची चौकट

तिसरी तासिका फक्त एका परिच्छेदाची. वहीच्या पानावर एक आडवी मोठी चौकट काढायची, तिच्यात वर एक पट्टी आणि खाली तीन खण. वरच्या पट्टीत 'हा परिच्छेद कशाबद्दल' हे चार-पाच शब्दांत. पहिल्या खणात काय दिसते, दुसऱ्यात काय घडते, तिसऱ्यात त्याचे काय होते किंवा मला काय वाटते. उदाहरणार्थ वर 'कांदेवाला आणि आजी', खाली 'मोठा आवाज', 'आजी उठून निघते', 'दोन कांदे वरून'. खणात पूर्ण वाक्य लिहायचे नाही. पूर्ण वाक्य लिहिले की मूल ते उतरवून काढते आणि विचार तिथेच थांबतो.

मग जोडीदाराला चौकट दाखवून तोंडी परिच्छेद बोलायचा. जोडीदाराने एकच प्रश्न विचारायचा: 'म्हणजे कसे?' कांदेवाल्याचा आवाज मोठा, म्हणजे कसा? उत्तर आले की तेही त्या खणात लिहायचे. बोलून झाल्यावरच पेन. ही बोलण्याची पायरी वेळ नाही म्हणून बहुतेकदा गाळली जाते, आणि मग मुले खणातले शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहून मोकळी होतात. पाच मिनिटे द्या, पण द्या.

जाळे आणि त्यानंतरची खोडाखोड

कृतिपत्रिकेतले 'आकृतिबंध पूर्ण करा' मुलांना चांगले परिचयाचे असते. मध्ये गोल, बाजूला फांद्या, हे ते रोज भरतात. तीच आकृती स्वतःच्या लेखनासाठी काढता येते हे मात्र बऱ्याच मुलांना माहीत नसते. म्हणून जाळे नवीन शिकवायचे नाही, उलटे वापरायला शिकवायचे.

विषय मध्ये. आठ फांद्या. वेळ सहा मिनिटे, घड्याळ लावून. प्रत्येक फांदीला एक-दोन शब्द किंवा चित्र. फांदी अडली तर फळ्यावर पाच चित्रे काढून ठेवा: डोळा, कान, नाक, जीभ, हात. बाजाराचा वास कसा, आवाज कोणता, हाताला काय लागते? ज्याला मजकूर सुचत नाही असे वाटत होते, त्याच्याही आठ फांद्या इथे भरतात.

इथे शिक्षकांचा हात फार शिवशिवतो. फळ्यावर जाळे काढले आणि एकेका मुलाकडून मुद्दे घेऊन तुम्हीच भरले, तर वर्गात तीस सारखे निबंध तयार होतात. फळ्यावर दुसऱ्याच विषयाचे जाळे काढून दाखवा, पुसा आणि मग मुलांना स्वतःच्या विषयावर काढू द्या.

जाळ्याचा एक मोठा दोष सांभाळायला हवा: त्याला क्रम नसतो. घड्याळाच्या काट्यासारखे फिरत आठही फांद्या एकापाठोपाठ लिहून काढल्या की आठ वाक्यांची यादी होते, निबंध होत नाही. म्हणून जाळ्यानंतरची तासिका खोडायची आहे. आठपैकी तीन फांद्यांना गोल करायचा, ज्यांवर प्रत्येकी तीन वाक्ये बोलता येतील त्यांनाच. दोन फांद्या एकत्र होत असतील तर रेघ ओढून जोडायच्या. बाकीच्या पेन्सिलीने खोडायच्या आणि उरलेल्या तिघांना 1, 2, 3 क्रमांक द्यायचे. खोडताना मुलांच्या जिवावर येते, कष्टाने सुचलेले असते. 'हे दुसऱ्या निबंधात' असा वहीच्या शेवटच्या पानावर एक कप्पा करून द्या आणि खोडलेले तिथे उतरवू द्या. मग हात सैल होतो.

प्रत्येक प्रकाराला वेगळी आकृती

एकच आकृती सगळीकडे वापरणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक. दहावीच्या कुमारभारतीत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय येतात. त्या तिघांचा सांगाडा वेगवेगळा आहे, तर आकृतीही वेगळी हवी.

वर्णनासाठी जागेचा कच्चा नकाशा काढायचा आणि त्यावर चालण्याची तुटक रेघ. रेघ जिथून जाते त्या क्रमाने लिहायचे. देवळापासून भाजीकडे, भाजीकडून कापडाकडे. मूल मध्येच उडी मारत नाही, कारण रेघ उडी मारत नाही.

प्रसंगलेखनासाठी चित्रपट्टी, पण चौकटी सारख्या आकाराच्या नकोत. आधी मुख्य प्रसंगाची चौकट काढायची, पानाच्या मध्यावर, चांगली रुंद. मग तिच्या आधी दोन अरुंद चौकटी आणि नंतर एक. लिहितानाही तेच प्रमाण: रुंद चौकटीला सहा-सात ओळी, अरुंदला दोन-दोन. गडावर पाय घसरला तो क्षण मोठ्या चौकटीत गेला की दात घासायला जागाच उरत नाही. चारही चौकटी सारख्या आखून दिल्या तर मूल प्रामाणिकपणे चारही सारख्या भरते.

आत्मकथनासाठी आयुष्याची रेषा. डावीकडे जन्म, उजवीकडे आजचा दिवस. चांगले दिवस रेषेच्या वर, वाईट खाली, आणि टोकाला एक बाण: 'मला काय हवे'. 'मी एसटी बोलतेय' या विषयात 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, हा बिंदू रेषेच्या सुरुवातीला येतो. पुढे वरच्या बाजूला शाळेची पोरे, लग्नाची वऱ्हाडे, वारीच्या जादा गाड्या, खालच्या बाजूला खड्डे, फुटलेल्या काचा, रिकाम्या फेऱ्या. रेषा वर-खाली होत गेली की आत्मकथनाला चढउतार आपोआप येतो. रेषा नसली तर नुसती तक्रार होते: मला कुणी धुत नाही, मला कुणी विचारत नाही. बाणही महत्त्वाचा, कारण शेवट तिथून मिळतो.

वैचारिक विषयाला दोन रकाने सगळेच आखतात: फायदे आणि तोटे. त्यातून हमखास एक निबंध निघतो ज्यात पहिला परिच्छेद म्हणतो मोबाइल चांगला, दुसरा म्हणतो वाईट, आणि लिहिणाऱ्याचे म्हणणे कुठेच नसते. दोन सुधारणा करा. एक, डावीकडे आणि उजवीकडे समोरासमोर एकाच गोष्टीबद्दल लिहायचे. अभ्यास: 'न समजलेले गणित व्हिडिओत पुन्हा बघता येते' आणि त्याच्यासमोर 'गणित सोडवताना दर पाच मिनिटांनी संदेश येतो'. दोन, तिसरा रकाना: 'म्हणून मी म्हणतो'. तिथे 'मर्यादित वापर करावा' असले गोल वाक्य चालणार नाही. 'अभ्यासाच्या वेळी फोन स्वयंपाकघरात ठेवावा' असे करता येण्यासारखे काहीतरी हवे. तीन ओळी भरल्या की तीन परिच्छेद तयार.

कल्पनाप्रधान विषयाला बाणांची साखळी. 'पाऊस पडलाच नाही तर' याखाली मुले दहा परिणाम शेजारी शेजारी लिहितात. त्याऐवजी दोनच साखळ्या घ्या आणि प्रत्येकीला तीन-तीन कड्या. पाऊस नाही, मग पेरणी नाही, मग गावात काम नाही, मग शेजारचे कुटुंब शहराकडे. प्रत्येक बाणावर 'मग काय होईल?' हा प्रश्न लिहून ठेवायचा. तिसऱ्या कडीला माणूस आला की निबंधात जीव येतो.

दोरीवरचा निबंध

सातव्या तासिकेला वर्गात छातीच्या उंचीवर दोरी बांधा. प्रत्येक गटाने आपले परिच्छेद एकेका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून आणायचे, सुरुवात आणि शेवट सोडून. कार्डे दोरीला लावायची. दोन कार्डांच्या मध्ये एक मोकळा चिमटा लावायचा, आणि चिमट्यावर चिकटवलेला जोडशब्द असेल.

जोडशब्द असे वाटून घ्या: काळाचे (त्यानंतर, तेवढ्यात, अखेर), कारणाचे (कारण, म्हणून, त्यामुळे), उलट बाजूचे (पण, मात्र, तरीही), भर घालणारे (शिवाय, तसेच, एवढेच नव्हे तर), जागेचे (समोर, पलीकडे, थोडे पुढे गेल्यावर). प्रत्येक शब्दाचे तीन-तीन चिमटे करा, म्हणजे 45 झाले. उरलेले कार्डे टांगायला. 'आणि मग' हा चिमटा मात्र प्रत्येक गटाला एकच. सवयीने ज्या मुलाचे प्रत्येक वाक्य 'मग' ने सुरू होते, तो तो एक चिमटा कुठे वापरावा याचा पहिल्यांदा विचार करतो.

गटाने दोरीसमोर उभे राहून मोठ्याने वाचायचे. चिमटा चुकला असेल तर कानाला खटकतो. 'बाजारात खूप गर्दी असते. त्यामुळे कांदेवाला मोठ्याने ओरडतो' हे जुळते. 'तरीही कांदेवाला मोठ्याने ओरडतो' म्हटले की वर्ग हसतो, आणि तेवढ्यात 'तरीही' चा अर्थ समजतो. मग दुसऱ्या गटाला दोन कार्डांची अदलाबदल करू द्या. वाचून अर्थ बिघडला तर क्रम पक्का होता. काहीच फरक पडला नाही तर तो क्रम नव्हता, यादी होती. तिथे काय हवे याचा विचार गटाने पुन्हा करायचा.

दोरी बांधायला जागा नसेल तर खडूने जमिनीवर रेघ ओढून कार्डे ठेवली तरी काम होते. फक्त पंख्याखाली नको.

सुरुवात आणि शेवट सगळ्यात शेवटी

मुले पहिल्या वाक्यावर अडून बसतात, कारण कशाची सुरुवात करायची हेच अजून ठरलेले नसते. मधला भाग दोरीवर लागला की दोन्ही टोके मोकळी दिसतात. आठव्या तासिकेला ती भरायची.

सुरुवातीसाठी तीनच दारे द्या, तीन कार्डांवर दाराचे चित्र काढून: एखादा आवाज किंवा दृश्य, एखादा प्रश्न, एखादी साधी माहिती. 'आमच्या गावचा बाजार दर मंगळवारी भरतो' ही साधी माहिती आहे आणि अगदी पुरेशी आहे. सुभाषित, कवितेची ओळ आणि 'आजच्या धावपळीच्या युगात' या सुरुवाती काही महिने बंद ठेवा. त्या वाईट असतात म्हणून नव्हे, अडखळणाऱ्या मुलाला त्यांतून पुढच्या वाक्याकडे जाता येत नाही म्हणून.

शेवटासाठी मुलाने आपली मधली कार्डे पुन्हा वाचायची आणि एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे: 'हे झाल्यावर काय उरले?' रिकामे मैदान उरले, पुढच्या मंगळवारची वाट उरली, एसटीचे मागणे उरले. 'अशा प्रकारे' ने सुरू होणारा शेवट कार्डावर आला तर तेवढेच दोन शब्द खोडून उरलेले वाक्य वाचा. बहुतेक वेळा ते तसेच चालते.

वहीवर उतरवणे आणि तपासणे

आता पूर्ण निबंध वहीत. वहीच्या समासात आधी पेन्सिलीने ओळींचे वाटप करायचे. एका ओळीत आठ शब्द धरले तर 120 शब्दांना पंधरा ओळी लागतात: सुरुवातीला दोन, मधल्या तीन परिच्छेदांना चार-चार-तीन, शेवटाला दोन. प्रत्येक भागासमोर त्रिकोण, चौकोन, गोल. काही मुले 'मध्य' किंवा 'मुद्दा क्रमांक 2' अशी शीर्षके निबंधातच लिहितात. तो दोष त्यांचा नाही, आकृतीतले शब्द आणि निबंधातले शब्द वेगळे आहेत हे सांगायचे राहिलेले असते. म्हणून समासात खुणाच ठेवा, शब्द नकोत.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बघा आणि ती मुलाला आधी सांगा. पहिल्या निबंधात फक्त परिच्छेद. दुसऱ्यात फक्त जोडशब्द, मुलाने स्वतः अधोरेखित करून आणलेले. तिसऱ्यात वरची पट्टी: परिच्छेदातले प्रत्येक वाक्य त्याच गोष्टीबद्दल आहे का. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या तासिकेत घ्या. पान लाल झाले की रचनेतली सुधारणा मुलाच्या नजरेतून निसटते, आणि ती त्याला दिसायला हवी. जुना निबंध आणि नवा शेजारी उघडून ठेवा, तो स्वतः फरक दाखवेल.

दोन-तीन महिने मन लावून काम करूनही एखादे मूल उत्तम बोलते, आकृतीही नीट काढते, पण लिहिताना अक्षरे गाळते, उलटी-सुलटी काढते, फळ्यावरचे उतरवताना ओळ हरवते, असे दिसले तर तो आळस समजू नका. पालकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे काम दहावीच्या जानेवारीत सुरू करून उपयोग नाही, आठवी-नववीतच करावे लागते.

आकृती हळूहळू काढून घेणे

परीक्षेच्या वर्गात दोरी नसते. म्हणून आधार काढून घेण्याची तयारी दुसऱ्या निबंधापासूनच सुरू करायची. पहिल्या निबंधाला आकृती तुम्ही आखून दिलेली. दुसऱ्याला नुसती बाह्यरेषा, आतले खण मुलाने आखायचे. तिसऱ्याला कोरा कागद आणि 'हा कोणता प्रकार, याला कोणती आकृती?' एवढाच प्रश्न. चौथ्याला आकृती वहीच्या कोपऱ्यात, आगपेटीएवढ्या जागेत, पेन्सिलीने, तीन मिनिटांत. घाईत आधार काढला तर मूल जुन्या सवयीवर परत जाते, तेव्हा एक पायरी मागे या आणि तिथे आणखी एक निबंध लिहून घ्या. उलट, आकृती सुरेख रंगवण्यात तासिका घालवणारी मुलेही असतात. त्यांना स्केचपेन देऊ नका.

परीक्षेचा हिशोब करून सराव घ्या. निबंधाला वीस मिनिटे: तीन आकृतीला, चौदा लिहायला, तीन वाचून बघायला. आगपेटीएवढ्या आकृतीत पाच गोष्टी आल्या पाहिजेत: प्रकाराची खूण, तीन मुद्द्यांचे तीन शब्द आणि शेवटाचा एक शब्द. बाजाराच्या निबंधाला 'नकाशा: पाले, कांदेवाला, भेळ, मैदान' एवढे पुरते.

वेळ संपत आली आणि पाचच मिनिटे उरली, तर काय करायचे हेही आधीच शिकवून ठेवा. तिसरा मुद्दा सोडायचा, दुसरा परिच्छेद चालू वाक्यावर थांबवायचा, एक ओळ मोकळी सोडून शेवटाच्या शब्दावरून दोन वाक्ये लिहायची. वर्गात हे एकदा करून घ्या: लिहायला सुरुवात झाल्यावर सातव्या मिनिटाला 'आता पाचच मिनिटे उरली' असे जाहीर करा आणि मुले कोणते कार्ड सोडतात ते बघा.